काढ

मराठीत फोटो काढतात
आणि फोटोतून माणूसही काढतात.
क्रियापद एकच. मला ते फार उशिरा खटकलं,
डंडीत, सहाव्या हिवाळ्यात,
टे नदीवर धुकं असं की
पूल अर्ध्यातच थांबलेला.

सुरुवातीला मी इंग्रजीत लिहायचो, प्लीज लावून.
मग कळलं, त्याला मराठी येतं.
'मागचा उंच माणूस काढ.'
चार शब्द, सरळ अरे-तुरे,
आणि कॅलम जायचा.
कुठे जायचा कोण जाणे.
त्याच्या जागी भिंत यायची,
भिंतीवर आमच्या घरात कधीच नसलेलं कॅलेंडर,
एकदा तर कुंडीसकट आख्खं रबराचं झाड.

यंत्र मोठं कर्तव्यदक्ष.
न सांगता त्याची सावली न्यायचं,
टेबलावरचा दुसरा कप,
एकदा माझ्या चष्म्याच्या काचेतला
नखाएवढा तो.
इतका बारकाईचा खोटारडा
मला एकट्याला होता आलं नसतं.

फोटो रविवारी बार्शीला जायचे, आईला.
ब्रॉटी फेरीचा किनारा: मी आणि वाळू.
वाढदिवस: मी, केक,
आणि आपोआप पेटलेल्या मेणबत्त्या.

कॅलमला ठाऊक होतं सगळं.
'आज मी काय झालो?' विचारायचा,
बुटाची नाडी सोडता सोडता.
'पडदा.'
'कुठल्या रंगाचा?'
'मोरपंखी.'
'बरं,' म्हणायचा, आणि केटल लावायला जायचा.
त्या 'बरं'चं काय करायचं
ते मला कुठल्याच वाक्यात लिहिता येईना.

एकदा उलटं करून पाहिलं.
जुना फोन मेला, त्याच्यासोबत
पहिल्या वर्षाचे मूळ फोटो गेले होते.
आईकडून परत मागवलेल्या एका फोटोखाली लिहिलं,
'इथे होता तो माणूस परत आण.'
यंत्राने आणला, बिनतक्रार.
देखणा. सगळे दात एका मापाचे.
माझ्या खांद्यावर हात टाकून उभा
कोणीतरी.
मी त्याला ओळखत नव्हतो.
तो मात्र मला भेटून फार खुशीत होता.

आई चाळीस वर्षं ब्लाउज शिवते.
तिला रफू कळतो.
कितीही बारीक असो, ती कापड उलटं करते,
उजेडाकडे धरते
आणि नेमकं बोट ठेवते: इथे.

परवाच्या रविवारी म्हणाली,
रंगा, तू सगळ्या फोटोंत कडेला का रे असतोस?
एकटा माणूस मधोमध उभा राहतो.
मी म्हटलं, अगं, सेल्फीत तसंच येतं.
ती काही बोलली नाही.
पलीकडे मशीनचं पायडल दोनदा वाजलं, थांबलं.
मग ओठांत टाचणी धरल्यावर
तिचा जो आवाज होतो, त्या आवाजात:

त्या मोकळ्या जागेला
शर्ट कितीचा बसेल?
छाती सांग फक्त.
बाही मी अंदाजाने करते.

शिवणाची टेप आमच्या घरात नाही.
कॅलम फळ्या ठोकायची लोखंडी टेप घेऊन आला,
छातीला गार लागली तसा किंचाळला,
दोनदा ती सर्रकन आत पळाली,
तिसऱ्यांदा मी टोक अंगठ्याने दाबून धरलं.

बेचाळीस, मी टाइप केलं.
खूप वेळ बघत बसलो. पुसलं नाही.
खाली लिहिलं,
डावा खांदा जरा उतरता आहे,
कॉलर त्या हिशेबाने धर.